अर्ध्या दिवसाचं राजवैभव, समुद्रासकट

सोलापूरजवळच्या आमच्या कुंभारीपासून समुद्र पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. भूगोलाची ही गंभीर चूक सहली काढणाऱ्या कंपन्यांनी आता दुरुस्त करायला घेतली आहे. परवा आमच्या कट्ट्यावर बसलेल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी एक रंगीत पत्रक येऊन पडलं. 'खासगी हाफ-डे टूर! ऐतिहासिक राजवाडे आणि अथांग सागरकिनारा! तुमची गाडी, तुमचा वेळ, तुमची मर्जी!' खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'सहल रत्नागिरीपासून सुरू.' त्याखाली चष्मा कपाळावर चढवून वाचावं लागेल अशा अक्षरांत, 'सोलापूर-रत्नागिरी प्रवास ज्याचा त्याने करावा.'

म्हणजे अर्धा दिवस पाहण्यासाठी आधी अख्खी रात्र बसायचं. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाटात पोरांच्या ओकाऱ्या, आणि उजाडता उजाडता रत्नागिरी. तिथं चार तास राजवैभव. की पुन्हा आंबा घाट, पुन्हा ओकाऱ्या. या सगळ्याला 'अर्धा दिवस' म्हणायला जे धाडस लागतं, त्याला एके काळी जहागीर मिळत असे.

या खुळाचं मूळ मात्र रत्नागिरीत नाही. पोर्तुगालात लिस्बनला गेलेल्या प्रत्येक पाहुण्याला म्हणे एक हाफ-डे टूर करावीच लागते. शहरापासून तासाभराच्या आत सिंत्राचा डोंगर, त्यावर पिवळ्या-तांबड्या रंगाचा पेना राजवाडा, आणि पुढं काबो दा रोका, म्हणजे युरोप खंडाच्या मुख्य भूमीचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. आमच्या शेजारच्यांचा धाकटा आयटीत आहे. तो कंपनीच्या कामाला तिकडं गेला आणि त्यानं दुपारच्या आत राजवाडाही उरकला आणि समुद्रही उरकला. फोटो आले. आईवडिलांच्या मनानं घेतलं की तो करतो तर आपण का नाही. लिस्बन समुद्राला खेटून आहे आणि आपण वळसंगच्या अलीकडं, एवढा किरकोळ फरक कुणी विचारात घेतला नाही.

शेजारी रत्नागिरीला जाऊन आले. सात जणांची गाडी होती, अकरा जण बसले. खासगी टूर असल्यामुळं बाहेरचं कुणी नव्हतं, सगळे आपलेच, त्यामुळं कुणाला उतरवताही येईना. मला त्यांनी अडवून पूर्ण व्हिडिओ दाखवला. त्यावरून ठरलेला कार्यक्रम मला जो समजला तो असा: थिबा राजवाडा, थिबा पॉइंट, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग, भगवती देवी, दीपस्तंभ, मत्स्यालय, भाट्याचा किनारा आणि वेळ उरल्यास आंब्याची पेटी. वेळ पेटीलाच उरला. सावरकरांच्या प्रेरणेनं भागोजीशेठ कीरांनी 1931 साली उभं केलेलं मंदिर काचेतून दिसलं, टिळक वळणावर निसटले. 'बाहेरून दर्शन' असं पत्रकात छापलंच होतं, तेव्हा तक्रार कुणाकडं करणार? आणि राजवाड्यासमोर गाडी उभी राहिली तेव्हा कळलं की आज सोमवार. सरकारी वस्तुसंग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात आणि गाड्या सोमवारी स्वस्त मिळतात, या दोन गोष्टींचा संबंध आमच्याकडं कुणाच्या लक्षात येत नाही. फाटकाबाहेर उभं राहून सगळ्यांनी फोटो काढले. अकरा माणसं आणि मागं, डोक्यांच्या फटीतून, ब्रह्मदेशाच्या राजाची एक खिडकी.

'कुणाचा राजवाडा हो?' मी विचारलं.

'कुणीतरी थिबा म्हणून होता. कोकणातलाच असेल.'

कोकणातला नव्हता बिचारा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1885 साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला राणी सुपयालतसह बोटीत बसवलं, आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून सोडलं. (दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला त्यांनी त्याआधीच रंगूनला नेऊन ठेवलं होतं. इकडचा राजा तिकडं आणि तिकडचा इकडं, अशी इंग्रजांची बदल्यांची पद्धत होती.) राजा आला तेव्हा राजवाडा नव्हता. तो बंगल्यांतून राहिला. अर्ज केले, पत्रं लिहिली, पेन्शन पुरत नाही म्हणून सांगितलं. सरकारनं विचार केला, फायली फिरल्या, आणि 1910 मध्ये राजवाडा बांधून तयार झाला. चोवीस वर्षं! 1916 च्या डिसेंबरात राजा वारला. चोवीस वर्षं वाट पाहून सहा वर्षं राहायला मिळालं.

थोडक्यात, ज्याला आपण ऐतिहासिक राजवाडा म्हणून वीस मिनिटं पाहतो, ती मुळात सरकारी घरकुल योजना आहे. लाभार्थी एक. जागा चांगली, टेकडीवर, समोर समुद्र. उतरती छपरं, कोरीव लाकडाच्या अर्धगोल खिडक्या, वर संगमरवरी फरशीचं दालन. फक्त लाभार्थ्याला गाव सोडून जाण्याची मुभा नव्हती. त्याला किनारा अर्ध्या दिवसाचा नव्हता, तीस वर्षांचा होता. त्यानं याबद्दल रिव्ह्यू लिहिला असता तर किती तारे दिले असते, देव जाणे.

हे सगळं मी शेजाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'एवढं सांगत बसला असता गाइड तर भाट्ये राहिलं असतं.'

हे खरं आहे. हाफ-डे टूरचा पहिला नियमच असा की थांबायचं नाही. माहिती ऐकली की वेळ जातो, वेळ गेला की पॉइंट जातो, आणि पॉइंट गेला की पैसे गेले. समुद्रापर्यंत शेजारी पोहोचले तेव्हा ड्रायव्हरनं घड्याळ दाखवलं. पाण्यात पाय घातले तो भाग व्हिडिओत अर्ध्या मिनिटाचा आहे. त्यातही निम्मा वेळ आजोबांची चप्पल वाहून चालली म्हणून आरडाओरडा आहे.

पत्रक मी समोरच्या अक्कांनाही वाचून दाखवलं. अक्का कुंभारीतल्या गोदूताई वसाहतीत राहतात, विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, सुताची गुंडी. बोलताना हात थांबत नाहीत. कात्रीनं पान कापलं, चिमूटभर तंबाखू पसरली, वळली, तोंड दुमडलं, सूत गुंडाळलं, टाकली. दुसरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'अर्ध्या दिवसात पाचशे विड्या होत्यात अण्णा माझ्या. ते बी मान वर केली नाही तर. तुमी अर्ध्या दिवसात राजवाडा बी बघणार, समुद्र बी बघणार. लई फास्ट हाय.' मजुरी हजारामागं मिळते, त्यामुळं अर्ध्या दिवसाचा हिशेब त्यांच्याइतका पक्का कुणाचाच नाही. सहलीचा दर मी सांगितला तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला.

तेव्हा मी असं ठरवलं आहे की या धंद्यात आपणही उतरायचं. 'कुंभारी हाफ-डे: राजवाडे आणि किनारा.' घरून घरापर्यंत. आंबा घाट नाही.

पॉइंट पहिला, इंद्रभुवन. सोलापुरातला आप्पासाहेब वारदांचा वाडा. कोरीव दगड, कमानी, मूर्ती, सगळं राजाला लाजवील असं. अनेक वर्षं महापालिकेचा कारभार तिथून चालला, त्यामुळं सोलापूरकरानं हा राजवाडा आयुष्यात पुष्कळदा पाहिला, पण नेहमी हातात कागद धरून आणि कुठल्या टेबलाला जायचं ते विचारत. मान वर करून कमान पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. वेळ: दहा मिनिटं, बाहेरून.

पॉइंट दुसरा, अक्कलकोट. इथं गाड्यांना काही तोटा नाही. पुण्या-मुंबईच्या बसगाड्या रोज आमच्या गावावरून भरधाव जातात. 1856 ते 1878 या काळात स्वामी समर्थ अक्कलकोटात राहिले, त्यांचं दर्शन, महाप्रसाद, आणि पुढं गाणगापूर. अक्कलकोटातच भोसल्यांचे दोन राजवाडे आहेत, नव्यात शस्त्रागार आहे. तलवारी, भाले, बंदुका अशा मांडून ठेवल्यात की लढाईला निघायचं तर आजही निघता येईल. आणि या घराण्याची सुरुवात तर सिनेमावाल्यांनी अजून कशी सोडली कळत नाही. 1707 साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून येत होते. वाटेत पारदच्या लोखंडे पाटलाशी लढाई झाली, पाटील पडला, आणि त्याच्या बायकोनं आपलं पोर महाराजांच्या पालखीत आणून घातलं. महाराजांनी पोर ठेवून घेतलं, फत्ते झाली म्हणून नाव फत्तेसिंह ठेवलं, आणि पुढं त्याला अक्कलकोट दिलं. ज्याचा बाप लढाईत मारला त्याच्याच पोराला जहागीर, असा न्याय हल्ली तिकीटवाटपातही दिसत नाही. वेळ: भाविकांना शून्य मिनिटं, कारण पार्किंग दुसऱ्या बाजूला आहे.

आता किनारा. सोलापूरला समुद्र नाही, पण चौपाटी आहे, पार्क चौपाटी. संध्याकाळी तिथं जी गर्दी उसळते ती पाहून कुणालाही वाटेल की भरती आली. पाणी म्हणून पाणीपुरीचं. ज्यांना खरंच पाणी हवं त्यांना सिद्धेश्वर तलाव, नाहीतर एकरुखचा हिप्परगा तलाव. उजनीवर तर थंडीत रोहित पक्षी येतात, तेही कुठल्या कुठून, आणि हाफ-डे करून परत जात नाहीत. मुक्काम करतात.

पण या टूरचा खरा माल नळदुर्ग. इथं मी उपहास थोडा बाजूला ठेवतो, कारण त्या जागेपुढं तो चालत नाही. सोलापूरहून हैदराबाद रस्त्यानं तासाभरावर, बोरी नदीच्या काठी, जवळपास तीन किलोमीटर लांब तटबंदीचा किल्ला. नदीच्या पात्रात आडवी भिंत घालून पाणी अडवलं आहे, आणि त्या भिंतीच्या पोटात महाल आहे. 1613 साली इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकारानं तो बांधला. बंधाऱ्यातच राजवाडा! पत्रकवाल्यांना राजवाडा आणि पाणी यांच्यामध्ये गाडी लागते, आदिलशाहीला लागली नाही. दगडी जिन्यानं खाली उतरलं की अंधार होतो, भिंतीला हात लावला तर ओल लागते, आणि मग एकदम नक्षीची कमान समोर येते. पावसाळ्यात बंधारा भरला की नर आणि मादी अशा दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं. महालात उभं राहिलं की डोक्यावरून नदी चाललेली असते आणि आपण कोरडे असतो. तिथं एक फारसी शिलालेख आहे. त्याचा भावार्थ असा सांगतात की हे बांधकाम पाहून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढं अंधारी येईल. तिसऱ्या प्रकारचे लोक, जे पाठ करून उभे राहतात आणि फोन वर धरतात, त्यांच्याबद्दल आदिलशहानं काही लिहून ठेवलेलं नाही.

कर्नल मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी 1850 च्या दशकात नळदुर्गाला होता. ठगांवरची प्रसिद्ध कादंबरी लिहिणारा तोच. त्याला काही वर्षं पुरली. आपण पंचेचाळीस मिनिटं देऊ. पॅकेजमध्ये शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

आणि परतीच्या वाटेवर शेवटचा पॉइंट, खुद्द कुंभारी. जगातल्या कुठल्याही टूरवाल्यानं इथं थांबायचं मनात आणलेलं नाही. इथं राजवाडा नाही. फक्त गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची 10 हजार घरं आहेत आणि पलीकडं रे नगरात असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची योजना आहे. मागणी लाल बावट्याची, मोर्चे कम्युनिस्ट नेते आडम मास्तरांचे. चाव्या द्यायला मात्र 2006 मध्ये काँग्रेसचे पंतप्रधान आले आणि जानेवारी 2024 मध्ये, रे नगरातल्या पहिल्या 15 हजार घरांच्या, भाजपचे. एकाच कम्युनिस्टाच्या मागणीसाठी दोन पक्षांचे दोन पंतप्रधान, ही ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदवायला पुरातत्त्व खात्याची हरकत नसावी. घर साधारण तीनशे चौरस फुटांचं. समोर समुद्र नाही. रे नगरचं भूमिपूजन 2019 चं, म्हणजे पहिल्या चाव्यांना पाच वर्षं लागली. थिबा राजाच्या मानानं काम झपाट्यानं झालं म्हणायचं. शिवाय इथल्या लाभार्थ्याला गाव सोडून जायला बंदी नाही. उलट सकाळी कामासाठी सोलापूर गाठावंच लागतं.

अक्कांना मी या टूरमध्ये फुकट जागा देऊ केली. त्या म्हणाल्या, 'नळदुर्गाला येते. माल द्यायचा नसंल त्या दिवशी सांगा. आन आपलंच घर बघायला पैसे घेणार असाल तर मी गाइड होते, मला द्या.' हा करार पक्का झाला आहे.

वाचकांपैकी कुणाला यायचं असेल तर दोन सूचना. सोमवार टाळा. आणि नर-मादी दर वर्षी पडतातच असं नाही. बोरी भरून वाहिली तरच. म्हणून निघण्याआधी नळदुर्गात कुणाला तरी फोन करून पाणी आहे का विचारा. तिथं ओळखीचं कुणी नसेल तर सरळ रत्नागिरीला जा, समुद्र बारा महिने भरलेला असतो.