भरतीबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती भरती,
ठाणे खाडी, वाशी पुलाखाली.

विषय : पावसाळ्यातील आपले येणे थोडे पुढे-मागे करण्याबाबत.

माननीय भरतीबाई,

वाशी, नेरुळ आणि बेलापूरच्या सखल सेक्टरांतील समस्त रहिवासी आपणास सविनय कळवितात की, आपल्या येण्या-जाण्याच्या वेळा पावसाच्या पाण्याचा हिशेब करणाऱ्या संगणकाला अडचणीच्या ठरत आहेत. पडद्यावर नाले वाहतात, तलाव रिकामे होतात, सगळे निळेशार दिसते; आणि खाली तळमजल्यावर सोफा विटांवर चढवलेला असतो. अशा वेळी कोणाला तरी जबाबदार धरणे भाग आहे. चौकशीअंती आपले नाव पुढे आले आहे.

आपल्यावर बेशिस्तीचा आरोप कोणी करणार नाही. मुंबईत अपोलो बंदरावर आपली नोंद 1878 पासून ठेवली जाते. भारतीय सर्वेक्षण विभाग आपले वेळापत्रक वर्षभर आधी छापतो आणि आपण ते पाळता. साधारण 12 तास 25 मिनिटांनी आपण पुन्हा हजर, म्हणजे रोज सुमारे 50 मिनिटे उशीर, तोही आधी कळवून. नालेसफाईची मुदत किंवा खड्ड्यांची तारीख इतकी काटेकोर कधी निघाली आहे? जो वेळेवर येतो तोच हजेरीपटावर सापडतो, आणि बोलणीही तोच खातो.

आपल्याशी जमवून घेण्याची तयारी या शहराने जन्मतःच केली होती. 1970 मध्ये सिडको हे महामंडळ स्थापन झाले, ठाणे-उरण-पनवेल पट्ट्यातील 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. त्यातला बराच भाग खाजणाचा, उधाणाच्या पातळीपेक्षा खाली. म्हणून डच पद्धतीचे धारण तलाव आले. लोकांच्या तोंडी ते होल्डिंग पाँड. तलावाच्या तोंडाशी वरून टांगलेल्या झडपा. आपण आलात की आपल्याच रेट्याने झडप मिटते. पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की तेच पाणी झडप ढकलून खाडीत उतरते. वीज नको, माणूस नको. इथल्या आगरी शेतकऱ्यांना यात नवल वाटले नसावे. खारभूमीच्या बांधाला उघाडी ठेवून समुद्र बाहेर आणि पाऊस आत सांभाळण्याचे काम त्यांच्या पिढ्यांनी केलेले आहे.

आता या साऱ्याचा हिशेब संगणक करतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1971 मध्ये पावसाळी पाण्यासाठी ‘एसडब्ल्यूएमएम’ नावाची प्रणाली काढली. ती आजही फुकट मिळते. शहराचे लहान लहान तुकडे पाडायचे, कुठे सिमेंट आणि कुठे माती ते सांगायचे, प्रत्येक गटाराची लांबी, उतार, खरखरीतपणा भरायचा आणि वरून पाऊस सोडायचा. कोणत्या चौकात किती वाजता किती पाणी चढेल, हे काही मिनिटांत कळते. या हिशेबामागची, सें-व्हेनाँ या फ्रेंच अभियंत्याने 1871 मध्ये मांडलेली समीकरणे हाताने सोडवायला आयुष्य पुरले नसते. शेजारच्या मुंबईसाठी 2020 मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली, तिच्यात पाऊस, नद्या आणि आपण स्वतः, असा तिघांचा एकत्र विचार आहे. आपल्याला डावलले, अशी तक्रार आपण करू शकणार नाही.

उलट आपली बडदास्त पाहा. एसडब्ल्यूएमएममध्ये नाला खाडीला मिळतो त्या बिंदूवर टिचकी मारली की एक छोटी चौकट उघडते. त्यात आपल्यासाठी खास रकाना आहे : पाण्याची पातळी कायम, की भरतीप्रमाणे बदलती? त्याखाली दुसरा प्रश्न : झडप आहे का? उत्तरे दोनच, ‘हो’ किंवा ‘नाही’. कार्यालयात बसलेला अभियंता नकाशा पाहून ‘हो’ लिहितो आणि पुढे सरकतो. बिजागरी गंजली आहे, फटीत चप्पल आणि शहाळे अडकले आहे, त्यामुळे झडप ना उघडत ना मिटत, असा तिसरा पर्याय तिथे नाही. संगणकाच्या दृष्टीने आपण दाराबाहेर उभ्या असता. प्रत्यक्षात आपण घरात येऊन बसलेल्या असता.

आणि येताना रिकाम्या हातांनी कुठे येता? अर्धवट मिटलेल्या झडपेतून आपण गाळ आणता, तिवरांची रोपे आणता. गाळ बसतो, तिवरे रुजतात, तलावाचे रान होते. ते रान तोडायला जावे तर कायदा आडवा येतो, आणि तो यावाच : 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आहे. त्यामुळे गाळ काढायचा तरी आधी परवानगीचा प्रवास. या अवधीत संगणकातील तलाव मात्र सिडकोच्या आराखड्याइतकाच खोल राहतो. त्याला कोणी सांगितलेलेच नाही. खरे तर गाळाने अर्धवट भरलेला नळ दाखवण्याची सोय त्या प्रणालीत आहे, तलावाची खोली बदलण्याचीही आहे. फक्त त्यासाठी कोणीतरी होडीत बसून काठी टाकून मोजावे लागते.

पावसाचीही तीच कथा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. आपण त्या दुपारी 4.48 मीटर उंच होता, हे सर्वांना तोंडपाठ आहे. पण एकाच पर्जन्यमापकावर भिस्त ठेवून मॉडेल चालवले असते, तर ते कुलाब्याच्या आकड्यावर निर्धास्त झोपले असते.

पनवेल खाडीच्या बाजूलाही आपला वचक आहे. नव्या विमानतळासाठी उलवे टेकडी कापली, उलवे नदी वळवली, भराव घालून जमीन उंचावली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने त्यासाठी मॉडेल-अभ्यास केले. उंचावलेल्या जमिनीवरचे पाणी कुठे उतरणार, हा प्रश्न शेजारच्या डुंगी गावाला कोणत्याही संगणकाआधी पडला होता.

शहराला पाणी पुरवणारे मोरबे धरण 88 मीटरला काठोकाठ भरले की महापालिका जलपूजन करते, नारळ वाढवला जातो. धारण तलाव भरला की पंप शोधावा लागतो. पाणी तेच, बाई.

तरी वरील बाबी विचारात घेऊन विनंती करण्यात येते की :

1. जोराचा पाऊस सुरू असताना आपण ओहोटीच्या रूपात यावे.

2. जुलैतील अमावास्या-पौर्णिमेचे उधाण शक्यतो मार्चमध्ये उरकून घ्यावे.

3. हे जमत नसल्यास, आपण दिवसातून दोनदा तलावात जातच आहात, तेव्हा तळाशी गाळ किती फूट साचला आहे आणि कोणती झडप किती उघडी राहते, याचा लेखी अहवाल मे अखेरपर्यंत सादर करावा. तो जसाच्या तसा प्रणालीत भरण्यात येईल. एवढी माहिती देऊ शकेल असे दुसरे कोणी सध्या उपलब्ध नाही.

कळावे,
सखल सेक्टरांतील तळमजल्याचे रहिवासी

प्रत माहितीस्तव :
1) चंद्र, यांना आवश्यक त्या कार्यवाहीसाठी.
2) पश्चिम घाटावरील ढग, यांना समन्वयासाठी.
3) तलावातील गाळ, यांना. आपण आहात तिथेच थांबावे, पुढील आदेश यथावकाश निघतील.