पाण्याचा पिक्चर

नांदेडला वजिराबादेत चहा पिताना कुणी नवखा माणूस मला "सर, एखादा चांगला पिक्चर सांगा की" असं म्हणाला, की माझे जुने मित्र आपापले कप उचलून हळूच शेजारच्या बाकड्यावर जातात. त्यातला एखादा कनवाळू जाता जाता त्या नवख्याला डोळ्यांनी खुणावतोही. पण उशीर झालेला असतो. मी ‘अकिरा’ म्हटलेलं असतं. ‘कुरोसावा’ म्हणेपर्यंत त्या बिचाऱ्याच्या चहावर साय धरते.

(‘सर’ या शब्दावरून गैरसमज नको. नांदेड-लातूरकडं शर्ट खोचणाऱ्या प्रत्येकाला सर म्हणतात. मी कारकून होतो.)

ही लागण मला पुण्यात झाली. फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचा महिनाभराचा वर्ग घेत. ऐन तारुण्यात, बिनपगारी रजा टाकून मी तिथं गेलो. तोवर परदेशी पिक्चर म्हणजे माझ्या लेखी व्हिडिओ पार्लरमधला ब्रूस ली. तो हाँगकाँगचा की जपानचा, असल्या खोलात आम्ही जात नव्हतो. उडी मारून लाथ घालतो तो जपानी आणि हिंदीत बोलत नाही तो पिक्चर इंग्लिश. त्यामुळं ‘जपानी इंग्लिश पिक्चर’ हा शब्द आमच्याकडं बिनदिक्कत चालायचा. महिन्याभरानं मी परतलो तो ‘अवकाश’, ‘मौन’, ‘चौकट’ असलं काहीबाही बडबडत. बायकोनं आठवडाभर वाट पाहिली आणि मग मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली.

पहिला बळी आमचे वकील मित्र. बांधाच्या भांडणांवर त्यांचा संसार चालतो. मी म्हटलं, वकीलसाहेब, तुमच्याच धंद्यातला पिक्चर आहे, कुरोसावाचा ‘राशोमोन’, १९५० चा. रानात एका सामुराईचा मुडदा पडतो आणि जो तो आपापला जबाब देतो. लुटारूचा वेगळा, सामुराईच्या बायकोचा वेगळा, लाकूडतोड्याचा वेगळा. मेलेला सामुराईसुद्धा अंगात आलेल्या एका बाईच्या तोंडून आपली बाजू मांडतो. १९५१ ला व्हेनिसला त्याला सोन्याचा सिंह मिळाला आणि युरोपाला पहिल्यांदा जाग आली की जपानात सिनेमाही काढतात. वकीलसाहेबांनी पिक्चर शेवटपर्यंत बघितला. शेजारी पॅड ठेवून बघितला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पंचनामा कुठंय? खंजीर जप्त नाही. मयताचा जबाब अंगात आलेल्या बाईकडून घेतला. उलटतपासणी कुणाची घ्यायची, देवीची? आणि जज्जसाहेब एकदाबी दिसले नाहीत."

"ते मुद्दाम दाखवलेले नाहीत," मी कॅमेऱ्याचं मर्म सांगायला सरसावलो.

"रजेवर असतील," वकीलसाहेबांनी विषय मिटवला.

मग मी त्यांना घरचा पिक्चर दिला, चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’. हाही व्हेनिसहून बक्षिसं घेऊन आलेला, २०१४ ला. त्यावर त्यांचा निकाल असा: "यात पिक्चर काय आहे? हे तर मी रोज बघतो, आणि पैसे घेऊन बघतो." मात्र पक्षकार बाई बिनबाह्यांचं पोलकं घालून आली म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकतच नाहीत, त्या जागेबद्दल विचारलं तर त्यांनी चष्मा पुसायला काढला.

‘टोकियो स्टोरी’च्या वेळी तर प्रकरण घरफोडीपर्यंत गेलं. ओनोमिची नावाच्या लहानशा गावातून एक म्हातारा-म्हातारी लांबचा रेल्वेप्रवास करून टोकियोला लेकरांकडं जातात. मुलगा डॉक्टर, मुलीचं ब्युटी पार्लर. सवड कुणालाच नाही. मग भावंडं वर्गणी काढून आईबापांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडून देतात. तिथं रात्रभर इतका दंगा चालतो की म्हाताऱ्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. त्यांच्यासाठी एक दिवस कामावरून रजा काढते ती विधवा सून. दिग्दर्शक ओझूनं हे १९५३ ला काढलं, कॅमेरा बहुतेक जमिनीलगत ठेवून. माजघरात पाटावर बसलेल्या माणसाला घर जसं दिसतं, तसं. नांदेडहून रात्रीची ट्रॅव्हल्स धरून हिंजवडीच्या मुलाकडं जाणाऱ्या आमच्या गल्लीसाठी याहून नेमका पिक्चर कुणी काढला असेल, असं मला वाटत नाही. तो मी समोरच्या निवृत्त गुरुजींना आणि बाईंना दिला. शनिवारी त्यांना पुण्याला निघायचं होतं. शुक्रवारी त्यांनी तिकिटं रद्द केली. रविवारी त्यांच्या मुलाचा मला फोन: "काका, तुम्ही आईबाबांना काय दाखवलंत? बाबा विचारायलेत, आम्हाला लोणावळ्याला कधी पाठवतोस म्हणून!"

लातूरचं गिऱ्हाईक वेगळं. तिथं माझे साडू एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. लातूरमध्ये शिकवणं हा व्यवसाय नसून हवामान आहे. ‘सेव्हन समुराई’ साडेतीन तासांचा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "यातला इम्पॉर्टंट भाग कोणता?" मी म्हटलं, सगळाच. धाडी घालणाऱ्या दरोडेखोरांपासून पिकं वाचवायला गरीब शेतकरी नुसत्या भाताच्या जेवणावर सात लढवय्ये ठेवतात. आपला ‘शोले’ त्याच वाटेवरचा. "सातातले उरतात किती?" "तीन." "म्हणजे चार गेले. झालं की!" त्यांनी वहीत टीक केली असावी. पुढं कळलं की ते सगळे पिक्चर दीडपट वेगानं बघतात. ओझू मात्र दुपटीनं लावावा लागतो, तेव्हा कुठं पात्रं लातूरच्या माणसांच्या वेगानं बोलतात, असं त्यांचं संशोधन आहे.

त्यांची धाकटी पोरगी सोफ्यावर उलटी लोंबकळत ‘डोरेमॉन’ बघत होती. दिवसाचे तीन तास जपानी चित्रकथा, तीही स्वखुशीनं. मला एकदम आठवलं, रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारा तो चड्डीतला मोगलीसुद्धा जपान्यांनीच काढलेला. म्हणजे अख्खा मराठवाडा अंघोळी पुढं ढकलून जपानी चित्रपटकला बघत होता. कुणी शिफारस केली नव्हती, म्हणूनच इतक्या आवडीनं.

एक पिक्चर मात्र मी या भागात आपणहून कुणाला सुचवत नाही. इराणमध्ये जून १९९० मध्ये मोठा भूकंप झाला. अब्बास किआरोस्तामीनं ज्या गावात आधी पिक्चर काढला होता तिथली पोरं जिवंत आहेत का, हे शोधायला मोटार घेऊन निघालेल्या बापलेकाची गोष्ट त्यानं १९९२ मध्ये केली. तो पिक्चर इंग्रजीत ‘अँड लाइफ गोज ऑन’ म्हणून ओळखतात. ढिगाऱ्यांतून वाट काढताना त्यांना एक माणूस भेटतो, तो फुटबॉलचा सामना दिसावा म्हणून अँटेना उभारत असतो. किल्लारीकडच्या एका ओळखीच्यांनी हट्टानं माझ्याकडून तो मागून नेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतींचं विसर्जन करून लोक नुकते झोपले होते, तेव्हा किल्लारीला भूकंप झाला, त्यातले हे. पिक्चर परत करताना कौतुक नाही, टीका नाही. एवढंच म्हणाले, "आमच्याकडं बी तिसऱ्या दिवशी पत्र्याखाली एकानं रेडिओ लावला होता. लोक रागावले आन् मग जवळ जाऊन बसले." त्यावर मी माझं मौनाबद्दलचं व्याख्यान दिलं नाही. आयुष्यात तेवढं एकदाच.

आता २०१६ चा एप्रिल. मांजरा धरण आटलेलं. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी भरायच्या जागी गर्दी करू नये म्हणून १४४ कलम लावलेलं. अशात आम्ही सासरवाडीला गेलो. पेढ्यांऐवजी वीस वीस लिटरचे दोन जार नेले. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, जारांना ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. आम्हाला ओवाळलं नाही.

रात्री उकाड्यानं कुणाला झोप येईना. मी रिकाम्या टिपाडावर लॅपटॉप ठेवला आणि पिशवीतून डीव्हीडी काढली. मामी म्हणाल्या, "नाव काय हो पिक्चरचं?" इथं माझी पंचाईत झाली. कानेतो शिंदोच्या या पिक्चरचं जपानी नाव ‘हादाका नो शिमा’, इंग्रजीत ‘द नेकेड आयलंड’. मराठीत सरळ ‘नागडं बेट’. सासूसमोर जावयानं हे उच्चारायचं कसं? मी चाचरत ‘उघडं बेट’ म्हटलं, ते कानाला आणखीच वाईट लागलं. शेवटी म्हटलं, "पाण्याचा पिक्चर आहे, मामी."

"मंग लावा," मामी म्हणाल्या.

हा पिक्चर १९६० चा. शिंदोची निर्मितीसंस्था मोडायला आलेली. शेवटचं म्हणून त्यानं मूठभर माणसं घेऊन हिरोशिमा भागातल्या एका चिमुकल्या बेटावर हा काढला, आणि पुढच्या वर्षी त्याला मॉस्कोत सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. बेटावर एकच कुटुंब. नवरा, बायको, दोन पोरं. चारी बाजूंनी समुद्र आणि प्यायला थेंब नाही. होडी वल्हवत शेजारच्या बेटावर जायचं, गोडं पाणी भरायचं, होडीनं परत यायचं आणि खांद्यावर कावड घेऊन उभी टेकडी चढायची. वर एकेका रोपाला एकेक ओगराळं पाणी. माती ते गट्टकन पिऊन टाकते. परत खाली. परत होडी. पिक्चरभर संवाद म्हणून नाहीत.

माझा अनुभव असा की इथं पाचव्या मिनिटाला लोकांना फोन येतो. मी मौनावरच्या व्याख्यानाची जुळवाजुळव केली. तेवढ्यात मामी म्हणाल्या, "ही बाई कामून बोलंना?"

मी तोंड उघडायच्या आत मामा, म्हणजे सासरे, म्हणाले, "पाणी वाहताना कोण बोलतंय?"

झालं. सिनेमाच्या वर्गात यावर दोन तास घेतात.

त्यानंतर मामींनी पिक्चर ताब्यात घेतला. "चढाला पाय आडवा टाकलाली, बरुबर हाय." "आता खांदा बदलंल बगा." तिनं बदलला. "बादलीत वर पाला टाकायचा की, हिंदकळत नाही." नाथांनी काशीहून आणलेली कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली, ती गोष्टही मध्ये होऊन गेली. "नाथांचं ठीक हाय, ते संत," मामी म्हणाल्या. "हिनं पाजलं असतं तर नवऱ्यानं ठिवली असती का?" साडू भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी वेग वाढवायला सांगितलं नाही.

आणि गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला.

रात्रीचे साडेअकरा. एका क्षणात घर रिकामं. पडद्यावर ती बाई टेकडीच्या मध्यावर कावडीखाली वाकलेली, तशीच थांबवून आम्ही पळालो. घागरी, कळश्या, बादल्या, कुकरचं मोठं भांडं. मी गेली पंचवीस वर्षं या पिक्चरवर बोलत आलो होतो. त्यातल्या श्रमांवर, लयीवर, माणूस आणि निसर्ग यांच्या नात्यावर. भरलेली घागर खांद्यावर मी त्या रात्री पहिल्यांदा घेतली. तिसऱ्या पायरीवर पाय मुडपला. अर्धी घागर जिन्यावरून खळखळत खाली गेली आणि शेजारच्यांच्या उंबऱ्यापाशी थबकली. कुणी काही बोललं नाही. मामींनी पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "असू द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. एवढ्या प्रेमानं मला आजवर कुणी शिवी दिली नव्हती.

तासाभरानं टिपाड भरलं. लॅपटॉप आता खुर्चीवर. ओल्या कपड्यांनी सगळे बसले आणि पिक्चर पुढं सुरू केला.

ज्यांनी तो बघितलाय त्यांना पुढचं माहीत आहे. बाईचा पाय घसरतो. एक बादली लवंडते. नवरा आपली कावड हळूच खाली ठेवतो, सावकाश तिच्यापाशी येतो आणि फाडकन तिच्या थोबाडीत देतो.

खोलीतल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडं वळल्या. साडू म्हणाले, "बेटावर जावई नव्हता वाटतं."

पिक्चरच्या शेवटाकडं थोरला मुलगा तापानं जातो. बाप डॉक्टरला घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. त्याला पुरून पुन्हा पाणी वाहायचं. वर पोचल्यावर ती आई एकाएकी भरली बादली मातीत उपडी करते, हातानं रोपं उपटते, जमिनीवर पडून रडते. नवरा नुसता बघत राहतो. मग ती उठते आणि ओगराळं हातात घेते. मामींनी एवढा वेळ हातातली कळशी खाली ठेवली नव्हती. त्या पडद्याकडं बघत म्हणाल्या, "सांडू दे तिला. एवढं तर सांडू दे."

सकाळी शेजारीण जिन्यावरच्या पाण्याची चौकशी करायला आली, तेव्हा मामी तिला सांगत होत्या, "एक बाई हाय. पाणी वाहती. बगा." दिग्दर्शक नाही, साल नाही, मॉस्को नाही. आठ दिवसांत डीव्हीडी गल्लीत फिरली, तिथून औशाला गेली, तिथून चाकूरला. महिन्याभरानं वजिराबादेत वकीलसाहेब स्वतःहून माझ्या बाकड्यावर येऊन बसले. "सर, तो पाण्याचा पिक्चर काय आहे म्हणे? लातूरचे एक पक्षकार सांगत होते."

द्यायला माझ्याकडं डीव्हीडी नव्हती. आजही नाही. शेवटची खबर होती तेव्हा ती अहमदपूरच्या पुढं, एका टँकरवाल्याच्या घरी होती. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हाती आली तर लातूरला मामींकडं पोचती करावी. माझ्याकडं पाठवू नये, मी परत सुचवायला लागेन.