खाचेत बसलं म्हणून काय झालं?

फिल्मच्या जमान्यात एक मोठी सोय होती, डोकं चालवावं लागत नसे. दुकानात जाऊन ३५ मिलिमीटरचा रोल मागायचा. कोडॅक मिळो, फुजी मिळो, नाहीतर उटीच्या सरकारी कारखान्यातला कृष्णधवल ‘इंदू’ मिळो, रोल मुकाट्याने कॅमेऱ्यात जायचा आणि ३६ फोटो काढून बाहेर यायचा. आमचे एक काका त्यातून चिवटपणे सदतिसावाही काढत.

मग डिजिटल कॅमेरे आले आणि जो तो वेगळी चूल मांडून बसला. १९९४ मध्ये सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचं मेमरी कार्ड आणलं. पाठोपाठ तोशिबाचं स्मार्टमीडिया. १९९८ मध्ये सोनीची मेमरी स्टिक. १९९९ मध्ये सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासॉनिक या तिघांनी मिळून एसडी जाहीर केलं. आणि एवढ्यावर भागत नाही असं वाटून की काय, २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीफिल्मने एक्सडी नावाचं आणखी एक कार्ड काढलं. त्याची मजल पुढे दोन जीबीवरच थांबली.

शेवटी जिंकलं एसडी. त्याच्या बोधचिन्हातला ‘डी’ नीट पाहा, तो चकतीसारखा दिसतो. चौकोनी कार्डावर चकती कशाला? तर ते चिन्ह मुळात तोशिबाच्या एका व्हिडिओ डिस्कसाठी काढलेलं होतं. डीव्हीडीच्या लढाईत ती डिस्क बारगळली आणि चिन्ह पडून राहिलं, ते इथे वापरलं. ज्याने ते सांभाळून ठेवलं, त्याच्या घरी श्रीखंडाचे रिकामे डबेही नक्की असणार.

एसडी जिंकलं तेव्हा आता सुटलो असं वाटलं होतं. पण साधं एसडी दोन जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी दोन टीबीपर्यंत, आणि बाहेरून तिघांचं माप एकच! त्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यात आजचं ६४ जीबीचं कार्ड अगदी ‘टक्’ करून बसतं. खाच कोणालाच नाही म्हणत नाही. नकार येतो तो नंतर, पडद्यावर, ‘कार्ड एरर’ म्हणून. माझ्या मते हा शुद्ध विश्वासघात आहे. चालणारच नसेल तर आधी बसू तरी नये.

त्यात कार्डावरची अक्षरं. डॉक्टरांच्या पाटीवर नावापेक्षा पदव्या लांब असतात, तसं या नखाएवढ्या जागेत सगळं कोंबलेलं. ‘सी’च्या पोटात १०, ‘यू’च्या पोटात १, शेजारी व्ही-१०. आपण दबून जातो. प्रत्यक्षात तिन्ही पदव्यांचा अर्थ एकच, सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याची हमी. यू-३ आणि व्ही-३० ही तशीच जुळी भावंडं, ३० एमबीची. ए-१, ए-२ हे फोनमधल्या अ‍ॅपसाठी, कॅमेऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. आणि सगळ्यात मोठ्या टायपात छापलेला तो १७० किंवा २०० चा आकडा सहसा वाचण्याचा वेग असतो, तोही ‘जास्तीत जास्त’. कॅमेऱ्याला गरज लिहिण्याची, म्हणून मी मोठ्या आकड्याकडे ढुंकूनही न पाहता ‘व्ही’ शोधतो. रोमन दोन लिहिलेल्या महाग कार्डाला पाठीमागे पिनांची दुसरी रांग असते. कॅमेऱ्याला ती रांग ओळखता येत नसेल, तर कार्ड पहिल्या रांगेच्या वेगाने चालतं आणि दुसरी रांग पाहुण्यांना दाखवायला उरते.

हे सगळं पाठ करून मी पुण्यात तपकीर गल्लीत गेलो.

“हे माझ्या कॅमेऱ्याला चालेल ना?”

“चालेल की. न चालायला काय झालं?”

“कॅमेरा कुठला ते तरी विचारा.”

“कुठला का असेना. बसतंय ना?”

“आणि नाही चाललं तर?”

“मग कॅमेऱ्यातच प्रॉब्लेम असणार साहेब.”

कार्डाचं एक वेळ जमेल, रीडरचं अवघड. माझ्या मावसभावाने मुलीच्या साखरपुड्याचे फोटो असलेलं ६४ जीबीचं कार्ड जुनाट रीडरमधून जुनाट संगणकाला लावलं. या मोठ्या कार्डांवरची मांडणी ‘एक्सफॅट’ पद्धतीची, ती त्या संगणकाच्या गावीही नव्हती. तर त्याने विचारलं काय, कार्ड फॉरमॅट करायचं का? म्हणजे, मला हे वाचता येत नाही, सगळं पुसून टाकू का? भावाचं बोट ‘हो’वर पोचलंच होतं, तेवढ्यात मावशी ओरडली, “अरे, मशीन काही विचारायला लागलं की आधी नाही म्हणावं!” संगणकशास्त्रात याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. नव्या लॅपटॉपवर ते फोटो लगेच दिसले.

त्यावर खूश होऊन मावशीने आपला जुना कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. आत एक्सडी. माझ्या ‘ऑल इन वन’ रीडरला खाचा भरपूर, एक्सडीची तेवढी नाही. कॅमेराच केबलने संगणकाला जोडावा म्हटलं, तर केबलचं तोंड त्या कंपनीचं खास, जगात दुसऱ्या कशालाही न लागणारं. पुण्यात मिळेना. शेवटी मुंबईत बोरा बाजारात एका खोक्याच्या तळाशी सापडली. कॅमेऱ्याच्या मूळ किमतीची आठवण होईल एवढे पैसे मोजून ती आणली आणि फोटो उघडले. अष्टविनायकाची यात्रा, बसच्या दारात उभी मावशी, थेऊरचं देऊळ.

“अगंबाई, हे होय!” मावशी म्हणाली. “हे तर तेव्हाच स्टुडिओत नेऊन छापून घेतलेत. वरच्या कपाटात अल्बम आहे.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू कुठे विचारलंस? तू आपला ‘व्ही’चं, पिनांचं काय काय सांगत होतास. म्हटलं, मुलाला आवड आहे तर करू दे.”