बंपर लागण्याचा खात्रीशीर विधी

लॉटरी लागावी अशी इच्छा धरणाऱ्याने सर्वप्रथम तिकीट घ्यावे. पायरी क्षुल्लक वाटते, पण अख्ख्या विधीत इच्छुकाच्या हातात असलेली गोष्ट तेवढीच आहे.

तिकीट शक्यतो केरळ सरकारच्या ओणम बंपरचे असावे. किंमत 500 रुपये, पहिले बक्षीस 25 कोटी. 2022 साली त्याची सुमारे 66 लाख तिकिटे खपली, म्हणजे प्रत्येक तिकिटाची संधी 66 लाखांत एक. आकडा ऐकून कचरू नये. आपल्याकडे 84 लक्ष योनींची सोय पूर्वीपासून आहे. दर जन्मी एक तिकीट असा नेम धरला, तर संपूर्ण फेऱ्यात एकदा तरी बंपर लागण्याची शक्यता जवळजवळ 72 टक्के भरते. उरलेल्या 28 टक्क्यांत मुंगीपासून माणसापर्यंतचे सगळे जन्म फार तर उत्तेजनार्थ बक्षिसावर भागवावे लागतील. मुंगीने तिकीट कसे घ्यावे, हे एजंटाला विचारावे.

ज्याला इतका दम नाही त्याने जास्त तिकिटे घ्यावीत. दोन तिकिटांनी संधी खरोखरच दुप्पट होते, यात फसवणूक नाही. मात्र जितकी तिकिटे जास्त तितके नुकसान अधिक खात्रीचे, असा खवचट हिशोब ॲडम स्मिथने अठराव्या शतकातच मांडून ठेवला आहे. 66 लाख तिकिटे एकट्याने उचलली तर 25 कोटी हमखास मिळतात. खर्च येतो 330 कोटी. खालची सगळी बक्षिसे जमेस धरली तरी खड्डा भरत नाही.

या नियमाला अपवाद आहे, आणि जिद्दी इच्छुकाने तो अभ्यासावा. 1992 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या लॉटरीत 44 पैकी सहा आकडे ओळखायचे होते. एकूण जोड्या 70,59,052, तिकीट एक डॉलरचे, आणि न लागता साठत गेलेले बक्षीस 2.7 कोटी डॉलर. गणिती स्टेफान मँडेलच्या योजनेनुसार ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने सगळ्याच जोड्या विकत घ्यायचे ठरवले. दुकानांतली यंत्रे तिकिटे छापून छापून दमली आणि वेळ संपेपर्यंत सुमारे 50 लाखच हाती आली. नेमकी लागणारी जोडी त्यांत होती. भांडवल, मनुष्यबळ आणि वर नशीबही. तिन्ही असतील त्याने या मार्गाने जावे.

आकडा निवडायची मुभा असेल तर शुभ आकडा मुळीच घेऊ नये. गाडीच्या नंबरची बेरीज नऊ यावी म्हणून आरटीओत जादा पैसे भरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ऑक्टोबर 2022 मध्ये फिलिपिन्समध्ये 9, 18, 27, 36, 45 आणि 54 हे आकडे निघाले. नवाचा पाढा पाठ असलेले 433 जण एकाच वेळी विजेते ठरले. सुमारे 23.6 कोटी पेसोंची वाटणी झाली आणि प्रत्येकाच्या पदरात जेमतेम साडेपाच लाख पडले. शुभ आकड्याने संधी वाढत नाही, भागीदार मात्र वाढतात.

सोडत प्रामाणिक असते का, अशी शंका इच्छुकाला मध्येच छळते. साधारणपणे असते. ती हवी तशी वळवायची तर आतली नोकरी लागते. अमेरिकेत अनेक राज्यांच्या लॉटऱ्या सांभाळणाऱ्या संस्थेत एडी टिप्टन हा सुरक्षा अधिकारीच होता. त्याने आकडे काढणाऱ्या संगणकात स्वतःची कलाकारी घुसवली. 2010 साली घेतलेल्या त्याच्या तिकिटाला 1.65 कोटी डॉलर लागले, पण ते पैसे कधीच हाती आले नाहीत. 2017 साली हाती आली ती 25 वर्षांपर्यंतची शिक्षा.

न्याय-अन्यायाचा खरा घोळ यंत्रात नसून किमतीत आहे. ओणम बंपरच्या 500 रुपयांत पहिल्या बक्षिसाच्या आशेची किंमत 38 रुपयांच्या आसपास बसते. इतर बक्षिसे धरूनही निम्म्याहून अधिक रक्कम कर, कमिशन, खर्च आणि सरकारी तिजोरी यांत जाते. सरकारने चालवली तरी लॉटरी हा जुगारच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितले. महाराष्ट्रात तर मटक्याच्या नादातून लोकांना सोडवावे म्हणून 1969 साली सरकारने स्वतःची लॉटरी काढली. सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवर 40 टक्के जीएसटी आहे, म्हणजे जुगार वाईट हे सरकारला मान्य आहे आणि त्यातला वाटाही हवा आहे.

इतके करूनही तिकीट लागलेच, तर इच्छुकाने आधी घराचे दार लावून घ्यावे. 2022 चा ओणम बंपर एका रिक्षाचालकाला लागला. तिकिटाला कमी पडलेले पैसे त्याने मुलाचा गल्ला फोडून घातले होते. 25 कोटींतून एजंटाचे कमिशन आणि कर वजा जाऊन साधारण पावणेसोळा कोटी उरणार होते. ते हाती येण्याआधीच मदत मागणाऱ्यांची रीघ लागली, आणि तिसरे बक्षीस लागले असते तर बरे झाले असते, असे तो काही दिवसांतच म्हणू लागला. बक्षिसावर 30 टक्के प्राप्तिकर, शिवाय अधिभार आणि उपकर. आजवर फुकट गेलेल्या तिकिटांचा खर्च यातून वजा करता येत नाही. तेव्हा जुनी तिकिटे खोक्यात भरून सीएकडे नेऊ नयेत.