श्री. बिनखिळे यांची न्हाणी

भाड्याचं घर बघायला आलेला माणूस आधी बाल्कनीत जातो, मग ओटा बघतो, पार्किंगचं विचारतो आणि शेवटी पाण्यावर येतो. श्री. बिनखिळे थेट बाथरूममध्ये शिरतात. दिवा लावतात आणि भिंतीच्या टाइलवरून नख फिरवतात. नख सुळकन घसरलं की त्यांचा चेहरा खुलतो. अडखळलं, म्हणजे टाइल खरखरीत, मॅट फिनिशची निघाली, की एजंटकडे वळून विचारतात, "दुसरं काही आहे का?" भाडं किती हा प्रश्न त्यानंतरचा. एजंटला वाटतं, माणूस टाइलच्या धंद्यातला असावा.

बिनखिळे हे आडनाव आपण ठेवलेलं. पण हे कुळ वाकड-बाणेरला सापडतं, घोडबंदर रोडला सापडतं, घणसोलीतही सापडतं. जिथे माणसं अकरा-अकरा महिन्यांनी जगतात तिथे ते असतंच. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. घर दुसऱ्याचं, पण घराबद्दलच्या कल्पना पूर्ण स्वतःच्या. आणि व्रत एकच: भिंतीला भोक पाडायचं नाही.

या व्रताची पोथी म्हणजे करारनामा. अकरा महिने हा आकडा कुठून आला, हे बिनखिळे कुणीही न विचारता सांगतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी वर्षातला एक महिना खाऊन टाकला. गंमत अशी की महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, नोंदवावाच लागतो. म्हणजे खाल्लेला महिना फुकट गेला. तरीही अकराच. एजंट लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, मालक काका डावीकडे, बिनखिळे उजवीकडे, दोघांचे फोटो निघतात आणि बिनखिळे रीतसर 'लायसेन्सी' होतात. भाडेकरू हा शब्द फक्त सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत उरतो.

लायसेन्सी म्हणजे दुसऱ्याच्या जागेत परवानगीने असलेला माणूस. त्याची व्याख्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ६० मध्ये मालक लोकांच्या झोपेचं खोबरं करणारी एक ओळ आहे. परवानगी मालकाला काढून घेता येते, पण त्या परवानगीवर विसंबून समोरच्याने स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचं काम केलं असेल, तर येत नाही. आता टॉवेलची दांडी म्हणजे कायम स्वरूपाचं काम, असं कुठलंही कोर्ट म्हणणार नाही. पण काकांनी बँकेत पस्तीस वर्षं काढलेली. ते किल्ली हातात देताना म्हणतात, "घर आपलंच समजा," आणि दुसऱ्या श्वासाला, "फक्त खिळा तेवढा ठोकू नका."

बिनखिळ्यांचे आजोबा गिरगावात चाळीत राहायचे. पगडीची खोली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलेलं, आणि भाडेकरूला उठवणं म्हणजे डोंगर उठवण्यासारखं. त्या बळावर आजोबांनी खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीला गुडघाभर कठडा घातला, कडाप्पा बसवला, वर कोनाडा कोरला, पंचा-धोतरासाठी ओळीने खुंट्या ठोकल्या. मालकाला हे कळलंही नाही. नातू दोन बेडरूमच्या फ्लॅटला आजोबांच्या वर्षभराच्या पगारापेक्षा जास्त रक्कम दरमहा मोजतो, आणि साबणाची वडी कुठे टेकवायची यावर रात्र रात्र विचार करतो. मोरी गेली, न्हाणीही बोलण्यातून गेली. फक्त जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याला प्लंबर अजून 'नहाणी ट्रॅप' म्हणतो, तेवढीच काय ती आजोबांची खूण.

तर बिनखिळ्यांचा पहिला देव म्हणजे सक्शन कप. रबराची वाटी भिंतीवर दाबली की आतली हवा निघून जाते आणि बाहेरची हवा तिला दाबून धरते. सतराव्या शतकात माग्डेबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिक याने तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा उपसली आणि दोन्हीकडून घोडे जुंपले. घोडे घामाघूम झाले, गोल सुटेनात. बिनखिळ्यांनी याचा हिशेब मांडलाय. सहा सेंटीमीटर व्यासाची वाटी म्हणजे सुमारे २८ चौरस सेंटीमीटर. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच असल्याने थोडा कमी धरू. (पुण्यात आपल्यावर कमी दबाव टाकणारी ही एकच गोष्ट.) तरी सव्वीस-सत्तावीस किलो झाले. त्यावर टांगायचं काय, तर शांपूची बाटली, साबण आणि एक वज्री. दीड किलो.

गणितात चूक नव्हती. चूक दोन टाइलांच्या मधल्या रेघेत होती. वाटीची कड त्या रेघेवरून केसभर गेली तरी हवा तिथून चोरपावलांनी आत येते. तिला घाई नसते. ती दोन दिवस घेते, कधी चार. आणि वाटी पडते ती नेमकी रात्री पावणेतीनला. आधी 'फट्ट', मग शांपू बादलीत, बादलीवरचा मग फरशीवर, आणि सर्वात शेवटी साबणदाणीचं गोल गोल घरंगळत जाळीपर्यंत जाणं. पहिल्या वेळी बायको दचकून उठली. आता ती कूस बदलून म्हणते, "डावीकडची. उजवीकडची पडली की बादली वाजत नाही."

दुसरा देव गोंदाचा. याची कुळकथाही बिनखिळ्यांना पाठ. १९६८ मध्ये अमेरिकेत थ्रीएम कंपनीच्या स्पेन्सर सिल्व्हर या रसायनशास्त्रज्ञाला भक्कम गोंद हवा होता आणि निघाला लेचापेचा, चिकटणारा आणि सहज सुटणारा. बरीच वर्षं त्याला काही काम मिळेना. पुढे त्यातून पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या आल्या, १९८० मध्ये त्या अमेरिकाभर विकायला निघाल्या. बिनखिळ्यांना ही गोष्ट बुद्धचरित्राइतकी भावते. धरायचं, पण सोडताना खूण ठेवायची नाही. भाडेकरूचं याहून वेगळं काय असतं?

मात्र हुकामागच्या पट्टीवरच्या गोंदाचं सोवळं फार. टाइल आधी स्पिरिटने पुसायची, कारण कितीही घासली तरी तिच्यावर साबणाचा पातळ थर असतोच. मग वाळू द्यायची, पट्टी अर्धा मिनिट दाबायची, तासभर तिच्यावर काही टांगायचं नाही. काढताना आपल्याकडे ओढायची नाही, खालच्या दिशेने, भिंतीला समांतर, सावकाश ताणायची. बिनखिळे हे सगळं करतात. फक्त एकदा हुरूप येऊन त्यांनी पट्टी टाइलच्या वर, डिस्टेंपरच्या भिंतीवर लावली. चार महिन्यांनी ती अतिशय नियमानुसार सुटली. सोबत भाकरीएवढा रंगाचा पापुद्रा घेऊन. त्या जागी आता मनी प्लांट आहे, बाटलीत, बरोबर तेवढ्याच उंचीवर. बाथरूममध्ये हिरवाई हवीच, कमी उजेडात आणि दमट हवेत तो छान वाढतो, असं ते पाहुण्यांना सांगतात. पाहुणे बाटली उचलून बघत नाहीत, ही त्यांची सभ्यता.

हळूहळू न्हाणी सजत गेली. दोन भिंतींच्या मध्ये स्प्रिंगची दांडी आली, तिच्यावर पडदा. दरवाज्यावरून अडकवायचे हुक आले. पण बाथरूमचा दरवाजा आधीच पावसाने फुगलेला, त्यात हुकाच्या पत्र्याची जाडी, त्यामुळे आता तो लागत नाही. आतला माणूस गाणं म्हणत राहतो. घरी पाहुणे असले की जुनी नाट्यगीतं ऐकू येतात. शॉवरही बदलला. अर्ध्या इंचाचा आटा सगळीकडे सारखाच, टेफ्लॉन टेप गुंडाळली की झालं. मालकांचा जुना शॉवर, ज्याच्या चोवीस भोकांपैकी क्षाराने बुजलेली एकोणीस, तो बिनखिळ्यांनी फेकला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत, तारीख घालून, माळ्यावर जपून ठेवलाय. त्याच पिशवीत काकांचा मूळ पांढरा बल्ब आहे. उडालेला.

टाइलांवर निळ्या नक्षीचे स्टिकर लावले तो दिवस घरात सणासारखा होता. बायकोने फोटो काढले, मैत्रिणींनी विचारलं, "इस्तंबूलला कधी गेलात?" इथवर सगळं ठीक होतं. पण ज्या देशांत हे स्टिकर रुजले तिथे अंघोळ काचेच्या पेटीत उभ्याने होते आणि बाकी बाथरूम दिवाणखान्यासारखं कोरडं असतं. आपल्याकडे बादली, मग आणि मोकळा हात. डोक्यावरून घेतलेलं पाणी आरशाच्या वरपर्यंत पोचलं नाही तर अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. बांबूची चटई आठवड्यात काळी पडली. सुगंधी मेणबत्तीत पाणी साचलं. टॉयलेट पेपरची देखणी दांडी तर निव्वळ शोभेची, तिच्यावरचा रोल पहिल्याच दिवशी भिजून लापशी झाला.

खरी परीक्षक मात्र वेगळीच. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी दारात उभं राहून सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "दादा, धुवायचं कुठं मग?" प्रश्न बिनतोड होता. जमिनीवर टोपल्या, कोपऱ्यात शिडीसारखं लाकडी शेल्फ, भिंतीवर काही ना काही चिकटलेलं. मावशींचा हात खराट्याचा. त्यांनी सत्तावीस किलोच्या हिशेबाकडे न बघता एका वाटीच्या हुकावर पिळलेलं पोछ्याचं फडकं टांगलं. हुक तत्क्षणी खाली. "माझ्यानं नाय तुटलं," मावशी म्हणाल्या, "ते लागलेलंच नव्हतं." हे वाक्य बिनखिळ्यांच्या जिव्हारी लागलं. बायको नंतर तासभर हसत होती.

मावशींनी एक सल्लाही दिला. त्यांचे मालक गवंडीकाम करतात. भोक टाइलच्या मधोमध पाडायचंच कशाला, सांध्यात पाडायचं. गवंडी सांधे बुजवतात त्याला दरजा भरणं म्हणतात. जाताना त्या दरजेत व्हाइट सिमेंट भरलं की ब्रह्मदेवाला कळणार नाही. टाइल शाबूत, मालक खूश. बिनखिळ्यांनी कानावर हात ठेवले. व्रत म्हणजे व्रत. वास्तविक माणूस बोलवून चार भोकं पाडली असती तर चारशे रुपयांत काम झालं असतं. बिनखिळ्यांचा वाट्या, पट्ट्या, दांड्या आणि स्टिकर मिळून आकडा साडेसहा हजारांवर गेलाय. हा आकडा बायकोकडे आहे.

पावसाळा हा या संप्रदायाचा परीक्षाकाळ. जूनच्या मध्यापासून हवेत इतकं पाणी असतं की कपडे वाळत नाहीत, तिथे गोंद काय धरणार. स्टिकरांच्या कडा पापणीसारख्या उघडू लागल्या, आतून बुरशीची काळी रेघ. बिनखिळे रोज सकाळी दात घासता घासता डाव्या हाताच्या अंगठ्याने भिंत दाबत उभे राहायचे, फुटलेल्या धरणाला बोट लावणाऱ्या माणसासारखे. गणपतीला आलेल्या सासूबाईंनी सगळं पाहून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे खिळा असतो."

अकरावा महिना संपत आला. शेवटच्या रविवारी उत्तरपूजा झाली. हेअर ड्रायरने स्टिकर गरम करून सोलायचे, पट्टीच्या मागून शिवणाचा दोरा करवतीसारखा फिरवायचा, उरलेल्या चिकटाला खोबरेल चोळायचं आणि दहा मिनिटांनी भांडी घासायच्या साबणाने पुसायचं. क्षाराच्या पांढऱ्या डागांना लिंबूफूल. पापुद्र्याच्या जागी रंगाचा जुळता डबा. जुना शॉवर पिशवीतून निघून परत नळीवर चढला, उडालेला बल्ब होल्डरमध्ये. संध्याकाळपर्यंत न्हाणी अशी उघडीबोडकी झाली की तिथे अकरा महिने कुणी अंघोळ केली असेल यावर विश्वास बसू नये.

काका आले. चष्मा पुसला. त्यांच्या हातात पहिल्या दिवशीच्या फोटोंची प्रिंट होती, बिनखिळ्यांनीच पाठवलेल्या, आधीच्या भाडेकरूंनी पाडून ठेवलेल्या भोकांवर लाल गोल केलेल्या. काका एकेका गोलावर बोट ठेवून भिंत तपासू लागले. एक, दोन, तीन. सहावर थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"सात होती ना हो?"

बिनखिळ्यांच्या लक्षात आलं. बेसिनवरच्या सातव्या भोकातून पहिल्याच आठवड्यात मुंग्यांची रांग निघाली होती आणि त्यांनी ते व्हाइट सिमेंटने बुजवलं होतं. अकरा महिन्यांत त्यांच्या हातून झालेलं कायम स्वरूपाचं काम तेवढंच. त्यांनी हे जरा अभिमानानेच सांगितलं.

"अरे देवा," काका म्हणाले, "ते माझ्या आरशाचं होतं. मी काढून ठेवलाय तो, चिंचवडला. नवे लोक म्हणतात, आरसा लावूनच द्या." मग त्यांनी वॉचमनला फोन लावून कुणाकडून तरी ड्रिल मागवलं.

ड्रिल येईपर्यंत दोघे बेसिनसमोर उभे. काकांनी टाइलच्या मधोमध पेन्सिलीने फुली मारली. बिनखिळ्यांनी ती फुली बघितली, डिपॉझिटचा चेक अजून काकांच्या शर्टाच्या खिशात होता तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "काका, जरा दोन बोटं खाली घ्या ना. दरजेत."