मूळव्याध

डब्लिनमधल्या आमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या घरात एक निवृत्त आयरिश गृहस्थ राहतात. माझ्या बायकोनं त्यांचं नाव ठेवलंय मूळव्याध. व्याध म्हणजे शिकारी, आणि हे शिकार करतात ती मुळांची. रोगाशी संबंध नाही. म्हणजे अगदीच नाही असंही नाही. त्यांच्या तावडीत सापडलेल्या माणसाला एका जागी नीट बसवत नाही.

एरवी हा विकार सौम्य असतो. ऑक्टोबर उजाडला, दुकानांत भोपळे आले, की उसळतो. परवा मी भोपळा घेऊन येताना त्यांनी फाटकाशी गाठलं. "भोपळा अमेरिकेतला! इकडे सलगम कोरायचे. मेयोच्या संग्रहालयात डोनेगलच्या सलगम-भुताची प्रतिकृती आहे, बघून या." मी बघून आलोय. दात विचकलेलं, सुकलेल्या म्हाताऱ्यासारखं ते तोंड पाहिल्यावर आमचा भोपळा अगदीच घरजावयासारखा वाटू लागला.

तर वाद असा, की हॅलोविन मूळचं कुणाचं? ख्रिस्ती होण्यापूर्वीच्या आयरिश लोकांचं, की चर्चचं? मूळव्याधांचा पक्ष कुठला, हे मला चार वर्षांत कळलेलं नाही. समोरच्याचा कुठला, ते पाहून ते आपला ठरवतात.

गेल्या वर्षी चर्चच्या पायरीवर फादर कुणाला तरी समजावत होते, की हा सर्व संतांच्या सणाचा आदला दिवस, नावातच ते आहे. मूळव्याध आडवे आले. "आणि साऊन?" (म्हणजे ख्रिस्ती होण्यापूर्वीचा आयरिश सण. स्पेलिंग पाहून आपण सामहेन म्हणतो आणि ते दुरुस्त करतात.) "जुन्या आयरिश कथांत त्याच रात्री टेकड्यांची दारं उघडतात, त्याचं काय? 609 मध्ये पोपनं रोमचं पॅन्थिऑन मेरी आणि हुतात्म्यांना वाहिलं, ते मे महिन्यात. मग सण नोव्हेंबरात कसा आला?" जणू फादरनीच तो रातोरात हलवला होता. फादरनी घड्याळ पाहिलं.

त्याच आठवड्यात मीथमधल्या अथबॉयजवळच्या टेकडीवर जाळ पेटतो, तिथं ते मला गाडीत घालून घेऊन गेले. तोंडं रंगवलेली, डोक्याला शिंगं बांधलेली तरुण मंडळी जमली होती. एक मुलगी भारावून म्हणाली, "आज केल्टिक नववर्ष! हजारो वर्षांची परंपरा!" झालं. "नववर्षाची कल्पना 19व्या शतकातल्या जॉन ऱ्हिस या प्राध्यापकानं रुजवली, बाई. आणि 800 च्या सुमाराची आयरिश संतांची पंचांगं बघ, त्यात सर्व संतांचा सण 20 एप्रिलला! 1 नोव्हेंबर आला तो समुद्रापलीकडून. 835 च्या सुमारास लुई बादशहानं आपल्या राज्यात तो पक्का केला." मुलीची शिंगं कलली. परतताना मूळव्याध शीळ घालत होते.

त्यांना थोपवावं म्हणून मी एकदा आपली म्हण सांगितली: ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये. म्हण त्यांना फार आवडली. "नदीचं मूळ? शॅननचं मी पाहिलंय, कॅव्हनमध्ये कुंड आहे. पण तेही मूळ नव्हेच! पाणी वरच्या डोंगरातून जमिनीखालून येतं."

मग चूक माझीच. पितृपक्षाचा विषय मी काढला. आठ दिवस रोज एकच प्रश्न: कावळाच का? शेवटी कंटाळून साताऱ्याला आईला फोन लावला. आई म्हणाली, "ते एकटेच राहतात ना रे? त्यांना एकदा खीर-वड्यांना बोलाव." मी बोलावलं. आले, दोनदा खीर घेतली आणि उडीद मूळचा कुठला ते सांगून गेले.

31 तारखेला गल्लीतली पोरं चॉकलेटं गोळा करत फिरतात. मूळव्याधांच्या दारी प्रत्येकाच्या वेशाची चौकशी होते. आमच्या मुलाला, म्हणजे सहा वर्षांच्या बॅटमॅनला, त्यांनी बॅटमॅन 1939 साली जन्मला असल्याचं सांगितलं. शेजारच्या चेटकिणीला तर झाडूसकट वीस मिनिटं उभं केलं. तरी दरवर्षी त्यांच्या फाटकाशी रांग असते. अख्ख्या गल्लीत मोठं, अख्खं चॉकलेट तेवढे तेच देतात.