समान न्यायाची 'पीं'

घाटकोपर असो वा बोरिवली, रेल्वेस्थानकाच्या दारातील मेटल डिटेक्टरची चौकट स्टीलचा डबा, किल्ल्यांचा जुडगा, पट्ट्याचे बक्कल आणि छत्रीची काडी या सर्वांना पाहून समान न्यायाने 'पीं' करते, आणि खुर्चीवरचा रक्षक त्या प्रत्येक 'पीं'कडे तितक्याच समान न्यायाने दुर्लक्ष करतो. एवढ्याने भागत नाही म्हणून आता अनिश्चित माहितीवरून धोक्याचे मोजमाप करणारा संगणक आणण्याची टूम निघाली आहे.

अशा संगणकाचा तर्क संभाव्यतेच्या गणितावर चालतो: धोक्याचा एक मूळ अंदाज धरायचा आणि पुरावा येईल तसा तो वाढवायचा वा घटवायचा. पुराव्याचे वजन म्हणजे, धोका असताना तो दिसण्याची शक्यता आणि धोका नसताना दिसण्याची शक्यता, यांचे गुणोत्तर. जी 'पीं' घातपात्यासाठी वाजते तीच डबेवाल्यासाठीही वाजत असेल, तर हे गुणोत्तर 1 येते, म्हणजेच ज्ञानात काडीची भर पडत नाही. रक्षकाला हे कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय उमगलेले असल्यामुळे या शास्त्रातील उपनगरांचा अग्रगण्य विचारवंत म्हणून त्याची नोंद व्हावयास हवी.

समजा, नवे यंत्र 99 टक्के अचूक आहे आणि 10 लाख प्रवाशांत घातपाती एकच आहे. तरीही त्या एकासोबत सुमारे 10 हजार निरपराध माणसे संशयित ठरतात. त्यांना उभे कोठे करावयाचे, हे सूत्र सांगत नाही. अंधेरीच्या पुलावर उभे केल्यास यंत्र त्या घोळक्याची 'असाधारण गर्दी' अशी नोंद घेणार, त्या नोंदीने धोक्याचा आकडा चढणार, चढलेल्या आकड्यामुळे आणखी माणसे अडवली जाणार, आणि दुपारपर्यंत ही रांग साकीनाक्याला पोहोचून तेथील वाहतूककोंडीत विलीन होणार. पुढे संशयित कोण आणि रिक्षाची वाट पाहणारा कोण, हे कोणतेही गणित सांगू शकणार नाही.

11 जुलै 2006 रोजी 11 मिनिटांत लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, त्यांच्या ठिकाणांत जोगेश्वरी आणि बोरिवलीही होती. तेव्हा दक्षतेची चेष्टा करण्याचे कारण नाही, चीड येते ती तिच्या सोंगाची. 2023 साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. त्यांतील कित्येक माणसे रूळ ओलांडताना चिरडली गेली, कित्येक दारात लोंबकळताना पडली, आणि हे उद्याही घडणार हे कळण्यासाठी संगणक लागत नाही, पूल बांधणाऱ्यांना थोडी लाज असावी लागते. परंतु ही माहिती निखालस निश्चित असल्यामुळे, अनिश्चित माहितीवर चालणाऱ्या प्रणालीत तिच्यासाठी रकानाच नाही.